नमनाचे तेल आणि कादंबरीचे पहिले पान



कादंबरी कशी लिहावी हे कादंबरीकाराने सांगावे. आमचा अधिकार निराळा आहे. कादंबरी कशी लिहिली जात नाही, याचा आम्हांला अकरा वर्षांचा अनुभव आहे, आणि त्याच भांडवलावर आज आम्ही आपल्यापुढे उभे आहोत.

12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही गेले, आणि मुठेच्या पुराने पुण्यातील नदीकाठच्या पेठांची दैना केली. आमची थोरली आत्या त्या दिवशी नारायण पेठेत होती. तिच्या तोंडून ती हकीकत ऐकता ऐकता यावर कादंबरी लिहावी असे आमच्या मनाने घेतले आणि तयारी सुरू झाली. जुन्या वर्तमानपत्रांतून टिपणे काढली, पेठांचे नकाशे जमविले, कोणत्या गल्लीत पाणी किती चढले याचा तक्ता केला. सात वह्या भरल्या. आत्या दर दिवाळीला विचारी, "काय रे, कुठवर आलं तुझं पुस्तक?" आम्ही सांगत असू, "तयारी चालली आहे." तीन वर्षांपूर्वी आत्या गेली. तोवर कादंबरीचे एक पानही लिहून झाले नव्हते.

ही अकरा वर्षे आम्ही तयारी करीत होतो की चालढकल? या दोहोंतील भेद बाहेरून दिसत नाही. दोघांच्याही टेबलावर तेच ग्रंथ उघडे असतात, दोघांचाही दिवा रात्री उशिरापर्यंत जळत असतो. आपल्या म्हणींचेही या बाबतीत एकमत नाही. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे एक बजावते. नमनाला घडाभर तेल जाळू नये, असे दुसरी. विहीर कधी खणावी आणि तेल कधी जपावे, हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते.

टॉलस्टॉयचे उदाहरण या दृष्टीने फार बोधप्रद आहे. सैबेरियातील हद्दपारी भोगून 1856 साली परतलेल्या एका बंडखोराची कथा त्याला लिहावयाची होती. तो माणूस समजून घ्यायचा तर 1825 च्या बंडाकडे गेले पाहिजे. ते बंड समजायचे तर 1812 च्या, नेपोलियनच्या स्वारीच्या काळाकडे. असे मागे सरत सरत तो 1805 पर्यंत पोहोचला. वरवर पाहता ही शुद्ध टाळाटाळ वाटेल. परंतु 1863 मध्ये त्याने जे लिहावयास घेतले ते सोडले नाही. एकेक प्रारंभ लिहून, टाकून, पुन्हा लिहून तो पुढे सरकत होता. 'युद्ध आणि शांती'चे पहिले भाग 1865 मध्ये मासिकात येऊ लागले, आणि बोरोदिनोचे रणक्षेत्र तो पाहावयास गेला तो 1867 च्या सप्टेंबरात! रणक्षेत्र पाहिल्याशिवाय लेखणी उचलणार नाही, असे तो म्हणाला नाही. लिहिता लिहिता त्या मैदानाची गरज लागली, तेव्हा तो गेला.

आता याच टॉलस्टॉयची दुसरी बाजू पाहा. 1870 पासून त्याने पीटर बादशहावरील कादंबरीची तयारी चालविली. ग्रंथ वाचले, टिपणांचे ढीग रचले, वीसहून अधिक वेळा प्रारंभ करून पाहिला. पण त्या काळातील माणसांचे रोजचे जगणे त्याला डोळ्यांपुढे उभे करता येईना. अखेर 1873 च्या मार्चमध्ये पुश्किनचे गद्य वाचता वाचता त्याने 'ॲना कॅरेनिना' एकाएकी लिहावयास घेतली. पीटर राहिला तो राहिलाच. म्हणजे माणूस तोच, कष्टाळूपणा तोच. पण एका ठिकाणी तयारी फळली, दुसऱ्या ठिकाणी विरून गेली. तरीही प्रारंभ करून पाहिल्यामुळेच त्याला तीन वर्षांत कळले की हे आपल्याच्याने होणे नाही. आम्हांला अकरा वर्षांत तेही कळले नाही.

तयारीला मुळीच अवसर मिळाला नाही तर काय होते? दोस्तोयव्हस्कीने एका प्रकाशकाशी असा करार केला होता की, 1866 च्या 1 नोव्हेंबरपर्यंत नवी कादंबरी दिली नाही तर नऊ वर्षे त्याच्या लेखनावर त्या प्रकाशकाचा मोफत हक्क चालावा. ऑक्टोबर उजाडला तरी कादंबरीचा पत्ता नव्हता. शेवटी एका तरुण लघुलेखिकेला सांगून त्याने 26 दिवसांत 'जुगारी' पुरी केली. मात्र जुगाराचे व्यसन त्याने स्वतः भोगलेले होते. टिपणे नसली तरी तयारी झालेलीच होती, हे विसरता कामा नये.

आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली 'करमणूक' काढले आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यातून क्रमशः दिली. अंक निघायचा म्हणजे मजकूर हवाच, तेथे मुहूर्त पाहण्याची सोय नव्हती. या पद्धतीची किंमतही त्यांनी दिली. त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. पण यमूची कहाणी महाराष्ट्राला मिळाली. पुढे भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' 1963 मध्ये थोडक्या आठवड्यांत लिहून झाली, आणि त्याच लेखकाची 'हिंदू' तीस वर्षांहून अधिक काळ घडत राहून 2010 साली वाचकांच्या हाती आली. तेव्हा तयारीचा अवधी किती असावा, याचे माप कोठल्याही ताजव्यात मिळावयाचे नाही.

मग माणूस चालढकल का करतो? आळसामुळे, असे उत्तर आपण चटकन देतो. परंतु आळशी माणूस सात वह्या भरीत नाही. आजच्या मानसशास्त्राचा कल असे सांगण्याकडे आहे की चालढकल हा वेळेच्या हिशेबाचा प्रश्न नसून मनाच्या अस्वस्थतेचा आहे. ज्या कामाने भीती वाटते, ते पुढे ढकलले की घटकाभर सुटल्यासारखे वाटते, आणि त्या सुटकेचीच चटक लागते. मनातील कादंबरी निर्दोष असते. पहिले वाक्य कागदावर उतरताच ती तुमच्या-आमच्या कुवतीची होते. हा अपमान टाळण्यासाठी आपण आणखी एक ग्रंथ मागवितो. वाचन हे सत्कर्म असल्यामुळे मनही टोचत नाही. टाळाटाळीला सत्कर्माचा वेष मिळाला की तिला ओळखणे सर्वांत कठीण.

तथापि ओळखण्याच्या काही खुणा आहेत. खरी तयारी विशिष्ट प्रश्नाचे उत्तर शोधते. चालढकल 'सर्व काही' गोळा करते. खऱ्या तयारीला शेवट असतो, उत्तर मिळाले की ग्रंथ मिटतो; चालढकलीत प्रत्येक ग्रंथ दुसऱ्या दोन ग्रंथांकडे बोट दाखवितो. आणि तिसरी खूण म्हणजे, खरी तयारी लेखनाच्या शेजारी बसते, त्याच्या आधी दार अडवून उभी राहत नाही. इंग्रज कादंबरीकार ट्रोलोप टपालखात्याची नोकरी सांभाळून पहाटे साडेपाचला लिहावयास बसे आणि घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द लिही. त्याचा हा वेग कोणाला झेपो न झेपो. बसण्याची वेळ मात्र कोणासही ठरविता येते.

आत्याच्या वर्षश्राद्धानंतर आम्ही एकदाचे पहिले पान लिहिले. एक मुलगी पाणी पाहून घराबाहेर धावते, असा प्रारंभ केला आणि तिसऱ्याच वाक्याला अडलो. धावताना तिच्या हातात काय होते? घरातून निघताना तिने काय उचलले? सातही वह्या चाळल्या. पाण्याची उंची होती, गल्ल्यांची नावे होती. हे मात्र कोठेही नव्हते. आत्याला विचारले असते तर तिने एका क्षणात सांगितले असते. अकरा वर्षांत शंभर वेळा आम्ही तिच्यापुढे वही घेऊन बसलो होतो. पण हा प्रश्न आम्हांला सुचलाच नाही, कारण तो वाचून सुचणारा नव्हता, लिहूनच सुचणारा होता.

श्रोतेहो, आपणांपैकी ज्यांच्या मनात एखादी कादंबरी असेल, त्यांनी घरी गेल्यावर एक पान लिहावे. ते वाईट होईल. पण काय विचारायचे ते ते पान सांगेल. आणि ज्यांना विचारायचे ती माणसे अजून हयात असतील तर लगेच उठून त्यांच्याकडे जावे.