नावेचें इंजिन कां तापतें?

छत्रपती संभाजीनगराहून पैठणास जाणारा रस्ता बिडकीनवरून जातो. बिडकीन हें मूळचें शेतीचें गांव. अलीकडे तेथें औद्योगिक वसाहतही उभी राहत आहे. नावांशीं त्याचा संबंध काय, असें कोणासही वाटेल. परंतु हाच रस्ता पुढें जायकवाडी धरणाशीं पोंचतो. १९७६ सालीं उद्‌घाटन झालेल्या या धरणामागें नाथसागराचें अफाट पाणी पसरलें आहे. ऑगस्ट २००६ मध्यें धरणांतून मोठा विसर्ग करावा लागला आणि पैठण शहरांत गोदावरीचें पाणी शिरलें. अशा पुरांत माणसें बाहेर काढणाऱ्या नावेचें इंजिन मध्येंच तापून बंद पडलें, तर प्रवाह तिला कोठें नेईल याचा नेम नाहीं.

नावेच्या पिछाडीस बाहेरून टांगलेल्या या इंजिनास आउटबोर्ड म्हणतात. अमेरिकेंतील मिलवॉकी येथील ओले एव्हिनरूड यानें १९०९ च्या सुमारास तें लोकप्रिय केलें. मोटारगाडीचें इंजिन तेंच तें पाणी रेडिएटरमध्यें निववून पुनःपुन्हा वापरतें. आउटबोर्ड मात्र बहुधा नावेखालचेंच पाणी ओढून घेतें, सिलिंडरांभोंवतीं फिरवितें व बाहेर टाकून देतें. त्यामुळें कोंकणच्या खाडींत त्याला मिठाचा उपद्रव, तर गोदावरीवर गाळाचा आणि पाणवेलींचा.

फिरून आलेल्या या पाण्याची एक बारीक धार इंजिनांतून सतत बाहेर पडत असते. जाणत्या नावाड्याची नजर तिच्यावरून हलत नाहीं. धार रोडावली कीं प्रथम वेग उतरवावा. पाणी ओढण्याची जाळी खालीं पाण्यांत असते. तिच्यावर वेल किंवा प्लास्टिकची पिशवी बसली असेल, तर गिअर मोकळा करून क्षणभर उलट चालविल्यानें ती पुष्कळदां सुटते. न सुटल्यास इंजिन बंद करून, वर उचलून, हातानें काढावी लागते. म्हणून इंजिनाच्या नावेंतही वल्हीं आणि नांगर हवेतच. पुरांत तर हवेतच हवेत.

जाळी स्वच्छ आहे, तरी धार नाहीं. आतां धारेचें छिद्र बारीक तारेनें मोकळें करून पाहावें. कधीं कधीं आंत पाणी नीट फिरत असतें. वाळूचा एक कण तेवढा छिद्रांत अडकलेला असतो. तसें नसेल, तर संशय पंपावर येतो. या पंपांत रबरी पात्यांचें एक चाक असतें. त्याचें घर मुद्दाम एका बाजूस सरकविलेलें असल्यामुळें पातीं एकीकडे वांकतात, दुसरीकडे सरळ होतात, आणि त्या वांकण्या-उलगडण्यांतच पाणी वर ढकललें जातें. गाळानें हीं पातीं झिजतात. जुनीं झालीं कीं मुडपलेलींच राहतात. चाक नवें बसविणें कठीण नाहीं. घाईचा कारागीर चुकतो तो पुढें: जुन्या चाकाचें पातें तुटलेलें असेल, तर तो तुकडा पाण्याबरोबर वर जाऊन वाटेंत बसलेला असतो. तो शोधून काढला नाहीं, तर नवें चाक असूनही इंजिन तापतच राहतें आणि दोष बिचाऱ्या चाकावर येतो.

धार जोमदार असूनही इंजिन तापत असेल, तर थर्मोस्टॅट पाहावा. हें लहानसें झांकण पाणी पुरेसें ऊन होईतों वाट अडवितें. आउटबोर्डांत तें साधारणपणें ५० ते ६० अंश सेल्सिअसला उघडतें. तें दोऱ्यानें पातेल्यांतील पाण्यांत लोंबतें सोडावें, शेजारीं तापमापक धरावा व पाणी हळूहळू तापवावें. उघडलें नाहीं, तर बदलावें. तें काढून टाकून तसेंच काम चालविणारे आहेत. पण मग इंजिन नको तितकें थंड राहतें व पेट्रोल नीट जळत नाहीं. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांत पेट्रोलमध्यें तेल कमी पडलें, तरीही घर्षणानें उष्णता वाढते; तेथें पाण्याचा कांहींच दोष नसतो.

दुरुस्तीनंतर काठावरच इंजिन कोरडें सुरू करून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. पंपाच्या रबराला पाणी हेंच वंगण. त्यावांचून नवें चाकही थोडक्याच वेळांत जळतें. इंजिनाचें खालचें अंग, जाळी पूर्ण बुडेल इतकें, पाण्याच्या पिंपांत उभें करावें आणि मगच तें सुरू करून धारेकडे पाहावें.