तांबडी सुर्लाचा व्हाळ

घरी पाहुणे आले की त्यांना काय दाखवावे, हा प्रश्न गोव्यातील प्रत्येक गृहस्थापुढे उभा राहतो. इतर ऋतूंत उत्तर सोपे असते. मंगेशी, शांतादुर्गा, जुने गोवे आणि संध्याकाळी समुद्रकिनारा, एवढ्यावर दोन दिवस सहज निघून जातात. परंतु ऐन आषाढात समुद्र खवळलेला असतो आणि देवळे पाहून झालेली असतात. अशा वेळी पाहुणा हमखास म्हणतो, "आम्हांला धबधबा दाखवा."

गतवर्षी आषाढ सरत आला असताना आमचा पुण्याचा भाचा आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन आला आणि त्यानेही हीच मागणी केली. दूधसागराचे नाव त्याने ऐकले होते. दूधसागर सुमारे ३१० मीटर उंचीचा. पावसाळ्यात त्याचे रूप खरोखरच पाहण्यासारखे असते. पण त्या दिवसांत तिकडची जीपची वाट बंद असते आणि लोहमार्गावरून चालत जाण्यास रेल्वेने मनाई केलेली आहे. म्हणून आम्ही तांबडी सुर्ला सुचविले. तेथे देऊळही आहे, अरण्यही आहे आणि देवळापासून तासाभराच्या पायवाटेवर धबधबाही आहे. एका दिवसात तिन्ही गोष्टी पदरात पडतील, असा आमचा हिशेब होता.

पणजीहून तांबडी सुर्ला सुमारे ६५ किलोमीटर. सकाळी निघालो तेव्हा पाऊस मुसळधार नव्हता. शेतांत लावणी चालू होती आणि इरली पांघरलेल्या बायकांच्या जागी आता रंगीबेरंगी प्लॅस्टिकचे कागद दिसत होते. आमच्या सौभाग्यवतींनी डब्यात पोळ्या, बटाट्याची भाजी आणि लिंबाचे लोणचे दिले होते. शिवाय मिठाची एक पुरचुंडी होती. "मीठ कशाला, आजी?" असे नातीने विचारले, तेव्हा सौ. हसून म्हणाल्या, "ते तुला अरण्यात कळेल."

सह्याद्रीच्या उतारावरचे हे अरण्य १९६९ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. भगवान महावीर अभयारण्य हे त्याचे आजचे नाव. त्याचे क्षेत्र सुमारे २४० चौरस किलोमीटर असून त्यांपैकी १०७ चौरस किलोमीटरांचा गाभा १९७८ मध्ये मोले राष्ट्रीय उद्यान झाला. गोव्याचा राज्यप्राणी गवा येथे वावरतो. माट्टी, ज्याला घाटावर ऐन म्हणतात, येथे उंचच उंच वाढलेला आढळतो. मांडवीला मिळणारे कितीतरी लहानमोठे प्रवाह याच डोंगरउतारांवरून खाली येतात. याच पट्ट्यातून जाणाऱ्या घाटातील लोहमार्गाच्या दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मान्यता सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली, तेव्हा या झाडांचे नाव दूरवर पोहोचले.

प्रथम महादेवाचे दर्शन घेतले. हे देऊळ कदंबकालीन, बाराव्या शतकाच्या सुमाराचे. गोव्यात घरे आणि देवळे जांभ्या दगडाची. हे मात्र काळ्या बेसॉल्टचे आहे आणि तो दगड घाटापलीकडून आणला असावा, असे जाणकार मानतात. देऊळ आकाराने लहान आहे, पण मंडपाच्या छतावर कोरलेले कमळ पाहताना मान अवघडली तरी दृष्टी हटत नाही. एका खांबाच्या तळाशी घोड्याला चिरडणारा हत्ती कोरलेला आहे. नंदीचे मस्तक भग्न आहे. इतरत्र जुनी देवळे नाहीशी झाली. हे मात्र अरण्याच्या ओंजळीत असल्यामुळे वाचले. पावसाने न्हालेल्या त्या काळ्या शिखरावर शेवाळाची हिरवी झाक चढली होती आणि शेजारच्या नदीचा आवाज गाभाऱ्यापर्यंत ऐकू येत होता.

परवानगीचे सोपस्कार आदल्या दिवशीच झाले होते. बरोबर वाटाड्या आला तो त्याच भागातला, पन्नाशीच्या आतबाहेरचा, कमरेला कोयता लावलेला गृहस्थ. तो फारसा बोलत नसे. वाटेत मात्र नातीने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्याने दिले. हा किंदळ, हा कुंभा, ही कारवी. हे वारूळ, आता याच्यावर अळमी उगवतील. झाडाच्या ढोलीकडे बोट दाखवून त्याने धनेशाचे घरटे कसे असते ते समजावले. मादी आत स्वतःला कोंडून घेते आणि नर तिला फटीतून फळे भरवतो, हे ऐकून मुलगी बराच वेळ त्या झाडाकडे वळून पाहत होती. कुठूनसा शीळकरी कस्तूर माणसासारखी शीळ घालीत होता. पानांवरून ठिबकणारे पाणी आणि प्रत्यक्ष पाऊस यांतला फरक त्या दाट छायेखाली कळत नव्हता.

मिठाचा उपयोगही लवकरच कळला. ओल्या पाचोळ्यातून सुतासारख्या बारीक जळवा पायांवर चढू लागल्या. भाच्याने प्रथम आरडाओरडा केला. मुलीने मात्र शांतपणे आजीची पुरचुंडी सोडून बापाच्या पोटरीवर मीठ टाकले.

अर्ध्याहून अधिक वाट सरल्यावर एक व्हाळ आडवा आला. रुंदी पंधरा-वीस पावले, पाणी घोट्याच्या किंचित वर, तळाचे गोटे स्वच्छ दिसत होते. पलीकडची वाट पुन्हा झाडीत शिरत होती आणि तिच्या टोकाला धबधब्याची गाज स्पष्ट ऐकू येत होती. ओलांडण्यापूर्वी डबा खाऊन घ्यावा, असे ठरले. आम्ही वरच्या खडकावर बसलो. मुलीने काठालगतच्या एका चपट्या दगडावर पाच रंगीत गोटे ओळीने मांडले आणि परतताना ते घरी न्यायचे, असे जाहीर केले.

जेवण आटोपले तेव्हा पाऊस थांबला होता. ढग किंचित विरळ होऊन प्रकाशही आला. भाचा पायजमा वर दुमडून उठला. वाटाड्या मात्र काठाशी उकिडवा बसून पाण्याकडे पाहत होता. पाण्यावरून सुकी काटकी गेली, मग पानांचा एक पुंजका गेला. तो उठला आणि म्हणाला, "मास्तर, आतां फुडें वचप ना."

भाच्याला कोकणी समजत नाही, पण अर्थ समजला. तो म्हणाला, "मामा, गुडघाभरसुद्धा पाणी नाही. पाऊसही थांबलाय. पाच मिनिटांत पलीकडे पोहोचू. एवढ्या लांब आलो ते परत जायला का?"

खरे सांगायचे तर आमचेही मन त्याच्याच बाजूने होते. धबधबा हाकेच्या अंतरावर होता आणि पाहुण्याला रिकाम्या हाती परत नेणे यजमानाला कमीपणाचे वाटते. आम्ही वाटाड्याला काही बोलणार, तोच मुलगी म्हणाली, "मामाआजोबा, पाणी चहासारखं का झालं?"

पाहतो तो तळाचे गोटे दिसेनासे झाले होते. आम्ही आणखी काही न बोलता मुलीचा हात धरला आणि वाटाड्याच्या मागोमाग काठापासून वर चढलो. किती वेळ गेला असेल? फार तर दहा मिनिटे. त्या चपट्या दगडावरचे पाच गोटे दिसेनात. मग तो दगडही दिसेना. जेथे बसून आम्ही डबा खाल्ला त्या खडकाला गढूळ पाणी भिडले आणि मघाचा झुळझुळ आवाज घरघरीसारखा होऊन गेला. एक ओंडका आमच्या डोळ्यांदेखत उभा-आडवा होत खाली गेला. भाचा काही बोलला नाही. त्याने मुलीला जवळ ओढून घेतले.

असे का होते, हे शाळेत भूगोल शिकविताना आम्ही अनेकदा फळ्यावर काढून दाखविले आहे. गोव्यात सरासरीने वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि घाटालगत त्याहून अधिक. डोंगराचा उतार तीव्र, प्रवाहांची लांबी थोडी आणि आषाढाच्या अखेरीस जमीन पाण्याने तुडुंब झालेली. तिच्यात आणखी मुरायला जागा उरत नाही. वर घाटमाथ्यावर कोसळलेली सर थोड्याच वेळात खालच्या व्हाळात उतरते. तेव्हा खाली कदाचित ऊनही पडलेले असेल. म्हणजे व्हाळाचे पाणी आपल्या डोक्यावरचा पाऊस सांगत नाही, डोंगरावरचा सांगते. गढूळपणा, तरंगणारी पाने आणि बदललेला आवाज, या त्याच्या तीन खुणा. आणि वेगाने धावणाऱ्या पाण्यात माणसाचे पाय सुटायला ते कमरेएवढे असावे लागत नाही. गोटे शेवाळलेले असले तर गुडघाभरही पुरते.

हे सारे ज्ञान असूनही त्या दिवशी आम्ही "थांबा" म्हटले नव्हते. ते वाटाड्याने म्हटले. परतीच्या वाटेवर हीच गोष्ट मनाला लागून राहिली, कारण हा आमचा पहिला प्रसंग नव्हता.

तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही नव्यानेच शिक्षकी पेशात आलो होतो. श्रावणातल्या एका शनिवारी इयत्ता सातवीच्या चाळीस मुलांना घेऊन गावालगतच्या व्हाळापलीकडे वनभोजनाला गेलो. आभाळ निवळले होते. गावातल्या एका म्हाताऱ्याने "आज पलीकडे जाऊ नका" असे सांगितले होते. आम्ही पदवीधर, आम्ही हसून पुढे गेलो. परतताना पाणी चढले. मुलांनी एकमेकांचे हात धरून साखळी करावी, अशी युक्ती आम्हीच काढली. मध्यावर एका मुलाचा हात सुटला. खालच्या वळणावर गवत कापणाऱ्या एका बाईने त्याला शर्टाच्या कॉलरला धरून बाहेर ओढले. ती बाई तेथे नसती तर काय झाले असते, हे आज लिहितानाही हात थबकतो.

सोमवारी आम्ही मुख्याध्यापकांना एवढेच सांगितले, की सहल पावसामुळे उशिरा परतली. मुलाच्या आईवडिलांना तो घसरून भिजला, असे कळले. त्या बाईचे आभारही आम्ही नीट मानले नाहीत. तिचे नावही विचारले नाही. पुढे स्वतः मुख्याध्यापक झाल्यावर आमच्या शाळेची सहल पावसाळ्यात कधीच निघाली नाही. सहकाऱ्यांना वाटले, सर फार सावध आहेत. खरे कारण आम्ही कोणालाही सांगितले नव्हते. ते आज या पानांवर सांगत आहोत.

जुलै २०२३ मध्ये गोव्यातील एका धबधब्यावर पर्यटक बुडाल्यानंतर वनखात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास बंदी घातली आणि पुढे काही ठिकाणी अटींसह मुभा दिली. तेव्हा अनेकांनी कुरकुर केली. आम्हीही थोडी केली असेल. आता करणार नाही. आमच्या वाचकांपैकी कोणी पावसात अशा वाटेला जाणार असतील, तर मीठ न्यावे, पकड असलेली पादत्राणे घालावीत, दुपारच्या आत परतीला लागावे. पण या सगळ्याआधी स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यावा आणि त्याने नको म्हटले की त्याच्याशी वाद घालू नये. त्याला आपण मजुरी देतो ती वाट दाखविण्याची नव्हे, वाट बंद आहे हे सांगण्याचीही असते.

परतताना अरण्यातल्या एका मोकळ्या जागी वाटाड्या थांबला. ढग क्षणभर फाटले आणि समोरच्या कड्यावर, फार दूर, एक पांढरी रेघ लोंबकळताना दिसली. आवाज पोहोचत नव्हता. दोन-तीन मिनिटांत धुक्याने ती पुसून टाकली. "झाला पाहून," मुलगी म्हणाली, आणि कोणीही तिला दुरुस्त केले नाही.

देवळापाशी आल्यावर आम्ही वाटाड्याला ठरलेली रक्कम दिली, हात जोडले आणि त्याचे नाव विचारले. त्याने सांगितले. ते आम्ही घरी आल्यावर वहीत लिहून ठेवले आहे.