टनांचा हिशेब

कामगार संघटनेत तीस वर्षे घालवलेला माणूस ह्या व्याख्यानमालेत एसीवर बोलणार, हे पत्रिकेत वाचून काहींना ती छपाईची चूक वाटली असेल. ती चूक नव्हे. आमचे शिक्षण रात्रशाळेत नववीपर्यंत झाले. पुढचे सारे, एकेक तंटा उभा राहील तसतसे, गरजेपोटी शिकलो. हा धडाही एका तंट्यानेच आमच्या गळ्यात पडला.

मुंबईच्या एका उपनगरात तयार कपड्यांचा कारखाना आहे. त्यातील तपासणी आणि पॅकिंगच्या विभागात तीस बायका काम करतात. २०२२ च्या पावसाळ्यात तेथील पांढऱ्या शर्टांवर करडे डाग पडू लागले. व्यवस्थापनाचे म्हणणे असे की, हे बायकांच्या ओल्या हातांचे डाग. सबब नुकसान त्यांच्या पगारातून कापावे. वर आणखी असे की, 'आम्ही एवढा एसी बसवला आहे, भिंतीवर २४ अंश दिसताहेत, मग घाम येतोच कसा?' आम्ही विभागात गेलो तेव्हा एक बाई म्हणाल्या, "भाऊ, थंडी वाजते आणि अंगही वाळत नाही." ह्या एका वाक्यात सारे शास्त्र होते, ते आम्हांला उमगायला मात्र दोन महिने लागले.

उष्णता दोन तऱ्हांची असते. एक तापमापकावर दिसणारी, ती प्रकट उष्णता. दुसरी पाण्याच्या वाफेत लपून बसलेली, ती अप्रकट. १७६० च्या सुमारास ग्लासगो येथे जोसेफ ब्लॅक ह्या शास्त्रज्ञाने हिचा छडा लावला. आपल्या घरच्या माठाला ती त्याच्याही आधीपासून ठाऊक आहे. माठाच्या अंगावरचे पाणी वाफ होऊन जाते, तेव्हा आपल्यासोबत उष्णता नेते आणि आतले पाणी गार होते. आता हेच उलटे करून पाहा. थंड सरबताच्या पेल्याला बाहेरून पाणी सुटते. तेथे हवेतली वाफ पुन्हा पाणी होते आणि नेलेली उष्णता परत टाकते. एसीच्या आतली गार कॉइल म्हणजे असा एक मोठा पेलाच. खोलीतील हवेचे एक लिटर पाणी करायचे, तर सुमारे २,४५० किलोज्यूल उष्णता त्या कॉइलला ओढून घ्यावी लागते. तासाला एक लिटर म्हणजे ६८० वॅट. ह्या कामाने तापमापकाचा पारा रेसभरही हलत नाही, आणि म्हणूनच हिशेबात ते कोणी धरीत नाही.

टन ह्या शब्दाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. आमच्या कचेरीत एक जुने सभासद दीड टनाचे यंत्र भिंतीला कसे पेलते, ह्या काळजीत असत. टन हे यंत्राचे वजन नव्हे. सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता पितो, तेवढी ओढण्याची ताकद म्हणजे एक टन. वॅटच्या भाषेत सुमारे ३,५००. पण ह्या ताकदीपैकी हवा गार करायला किती आणि पाणी काढायला किती, हे टनाचा आकडा सांगत नाही. खोलीत लावायच्या नेहमीच्या यंत्रांत ढोबळमानाने तीन वाटे गारव्याला आणि एक वाटा पाण्याला जातो.

आता दोन गावे घ्या. मे महिन्यात नागपूरला दुपारी ४३ अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के. जुलैत मुंबईला २९ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के. यंत्राला जास्त कष्ट कोठे? शंभरांतले नव्वद लोक नागपूर म्हणतील. आम्हीही म्हटले होते. परंतु खोली २५ अंश आणि ५५ टक्के ठेवायची असेल, तर तिच्यातल्या दर किलो हवेत सुमारे ११ ग्रॅम पाणी असते. नागपूरच्या त्या भट्टीतही तेवढेच, ११ च्या आसपास. तेथे बाहेरची एक किलो हवा आत घेतली, तर १८ किलोज्यूल प्रकट उष्णता काढली की काम संपले. मुंबईच्या हवेत २२ ग्रॅम पाणी आहे. तेथे प्रकट उष्णता जेमतेम ४ किलोज्यूल, पण अप्रकट जवळजवळ २७, एकूण ३१. नागपुरात वाळ्याचा कूलर का चालतो आणि मुंबईत तो का चालत नाही, ह्याचेही उत्तर ह्याच आकड्यांत आहे.

ठेकेदाराने ह्यातले काहीच पाहिले नव्हते. खोली बाराशे चौरस फूट. दर दीडशे फुटांस एक टन. म्हणून आठ टन. फुटांच्या ह्या हिशेबात माणसे कोठेच नाहीत! बसून कचेरीचे काम करणारा माणूस सुमारे ७५ वॅट प्रकट आणि ५५ वॅट अप्रकट उष्णता सोडतो. उभे राहून हातांचे हलके काम करणाराची प्रकट उष्णता ८० म्हणजे जवळपास तेवढीच, पण अप्रकट १४०. जड काम करणाराची १७० आणि २५५. म्हणजे कष्ट वाढले की घामाचा वाटा अधिक वाढतो. कारकुनाच्या खोलीचा ठोकताळा कामगाराच्या खोलीला लावला की फसवणूक होते, मग ती कोणी जाणूनबुजून केलेली असो वा नसो.

आम्ही तीस बायकांचा हिशेब कागदावर मांडला. त्यांच्या शरीरांतून प्रकट २.४ किलोवॅट, दिवे, यंत्रे, छप्पर, भिंती मिळून ४, आणि माणसांना श्वासापुरती हवी तेवढी, म्हणजे तासाला ७५० घनमीटर बाहेरची हवा, तिचा १. प्रकट उष्णतेची बेरीज साडेसात किलोवॅटच्या आत. आता पाणी पाहू. बायकांच्या घामाचे आणि श्वासाचे तासाला सव्वासहा लिटर, बाहेरच्या हवेसोबत येणारे साडेनऊ. मिळून पावणेसोळा लिटर, म्हणजे साडेदहा किलोवॅटहून थोडे अधिक. एकूण गरज सव्वापाच टनांची, आणि तिच्यातला निम्म्याहून मोठा वाटा पाण्याचा.

आठ टनांचे यंत्र ह्या खोलीला कमी नव्हते, उलट जास्त होते. ते चालू झाले की थोड्याच मिनिटांत पारा २४ वर येई आणि थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर बंद करी. त्या बिचाऱ्याला आर्द्रता कळत नाही. कॉइल सुरू होताच पाणी गळू लागते असेही नाही. आधी ती दवबिंदूच्या खाली, ह्या खोलीपुरते बोलायचे तर १५ अंशांच्या खाली, जावी लागते, मग तिचे पत्रे ओले होतात आणि मगच थेंब नळीवाटे बाहेर पडतो. तोवर यंत्र बंद. पंखा मात्र चालूच. तो ओल्या पत्र्यांवरचे पाणी वाळवून पुन्हा खोलीत सोडी. बायकांनी तक्रार केली, तेव्हा व्यवस्थापनाने उदार होऊन आणखी चार टन बसवले. यंत्र आता आणखी लवकर बंद पडू लागले, आणि डाग वाढले.

येथे थोडे विषयांतर होईल. आमचे वडील गिरणीत साचेखात्यात होते. तेथे हवेत मुद्दाम पाणी फवारीत, कारण कोरडे सूत तुटते. त्या दमटपणाला आवर घालण्यासाठी १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम १५ घालावे लागले. आणि विलिस कॅरिअरने १९०२ साली ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी हवेची ओल आवरणारी योजना आखली, ती कागद फुगून रंग सरकत म्हणून. सुताची काळजी झाली, कागदाची झाली. आमच्या कारखान्यातही अखेर शर्टांनीच वाचा फोडली, हे कबूल केले पाहिजे.

आकडेमोड दाखवून व्यवस्थापन ऐकेना, तेव्हा आम्ही बादली आणली. तिन्ही यंत्रांच्या गळतीच्या नळ्या एकत्र करून, घड्याळ लावून, उभय पक्षांच्या देखत तासभर पाणी धरले. ते अकरा लिटर भरले. पाहिजे होते पावणेसोळा. शेजारी ओला-सुका तापमापक टांगला होता. त्यावरून आर्द्रता ऐंशी टक्के निघाली. बाहेर न पडलेले पाणी हवेत साठून ओल तेथवर चढली होती, आणि इतक्या ओलीत कापसाच्या कापडावर बुरशी धरते. ते डाग बुरशीचे होते. हात पुसून पुसून बायकांच्या बोटांची सालपटे निघाली होती, ती वेगळीच.

उपाय महागडे नव्हते. बारा टनांपैकी चार टनांचे यंत्र बंद केले. बाकीच्यांच्या पंख्याचा वेग उतरवला. नेहमी टनामागे मिनिटाला ४०० घनफूट हवा फिरवतात, ती ३५० च्या खाली आणली की कॉइल अधिक गार राहते आणि पाणी जास्त काढते. कॉम्प्रेसर थांबला की पंखाही थांबेल अशी जोडणी केली. खर्च झाला तो एकाच गोष्टीवर: बाहेरची हवा आत येण्यापूर्वीच तिचे पाणी काढणारे लहान स्वतंत्र यंत्र. हल्लीची इन्व्हर्टर यंत्रे वेग कमी करून जास्त वेळ चालतात, त्यामुळे थोडी मदत होते. पण गरजेपेक्षा फार मोठे इन्व्हर्टर यंत्र घेतले, तर मंद गतीवर त्याची कॉइल पुरेशी गार होत नाही आणि ओल राहतेच. विक्रेत्याला टन विचारू नका. जुलैतल्या हवेत हे यंत्र तासाला किती लिटर पाणी काढील, हे विचारा. पुष्कळांना उत्तर देता येत नाही, असा आमचा अनुभव आहे.

सप्टेंबरात त्या विभागाची आर्द्रता साठावर आली आणि डाग थांबले. कापलेले पैसे ऑक्टोबरच्या पगारात सत्तावीस जणींना परत मिळाले. तिघी त्याआधीच काम सोडून गेल्या होत्या. त्यांच्या पैशांसाठी दिलेला अर्ज पुढे वर्षभर टेबलावर पडून राहिला.