काम यीस्टचे, राखण माणसाची

आमच्या मोहने, आंबिवली, टिटवाळा या पट्ट्यातली बरीच मुले आता नोकरीनिमित्त परदेशात आहेत. माझा एक भाचा कॅनडात असतो. तिथे तो घराच्या तळघरात एका वेळी वीस लिटर बिअर स्वतः तयार करतो. सुट्टीत आला की विचारतो, "मामा, बार्ली इथेही मिळते, डबे मिळतात, गॅसचा सिलिंडर मिळतो. मग इथे का नाही करायची?" असा प्रश्न विचारणारा तो एकटा नाही. शहरातून ताज्या बिअरची हॉटेले निघाल्यापासून अनेक तरुणांच्या मनात हे कुतूहल आहे. म्हणून आज या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देण्याचा विचार आहे.

कायद्याचे आधी सांगतो, कारण ते थोडक्यात आहे. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरी स्वतःपुरती बिअर बनवायला परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने केंद्र सरकारने तशी मुभा दिली. आपल्याकडे मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. तो पूर्वी मुंबई दारूबंदी कायदा म्हणून ओळखला जात असे, आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात. त्यानुसार परवान्याशिवाय मद्य बनवणे हा गुन्हा आहेच, पण त्या हेतूने भांडी आणि साधने बाळगणे हाही गुन्हा आहे. 'घरच्यापुरती' अशी सवलत त्यात नाही. तेव्हा भाच्याला माझे पहिले उत्तर 'नाही' असेच असते.

पण एवढ्यावर थांबलो तर त्यामागचे शास्त्र राहून जाते, आणि ते समजून घेण्यासारखे आहे.

आपल्या घरांत लहान मुलांसाठी नाचणीचे सत्त्व करतात. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची आणि दळायची. मोड आलेल्या नाचणीची पेज पातळ आणि थोडी गोड लागते, कारण मोड येताना दाण्यात तयार झालेली पाचक द्रव्ये पिठाचे साखरेत रूपांतर करतात. बार्लीचे माल्ट म्हणजे हीच क्रिया. हे माल्ट भरडून साधारण ६५ ते ६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवले की गोड काढा मिळतो. तो गाळून हॉप्स नावाच्या वेलीची फुले घालून तासभर उकळतात. हॉप्समुळे कडवटपणा येतो आणि बिअर टिकायलाही मदत होते. मग काढा झपाट्याने थंड करून त्यात यीस्ट सोडतात. इथे माणसाचे स्वयंपाकाचे काम संपते आणि राखणीचे काम सुरू होते. साखरेचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करण्याचे काम यीस्टचे असते.

हे कळायला जगाला पुष्कळ काळ लागला. लुई पाश्चर यांनी १८७६ मध्ये बिअरवर ग्रंथ लिहिला आणि बिअर नासते ती नको असलेल्या जंतूंमुळे, हे दाखवून दिले. पुढे १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी काढून वाढवली. तेव्हापासून बिअर बनवणे नशिबावर अवलंबून राहिले नाही. दूध ज्या जंतूंमुळे आंबते त्यांचे भाईबंद आणि व्हिनेगर करणारे जंतू त्या गोड काढ्यावर टपून बसलेले असतातच. म्हणून उकळल्यानंतर ज्या ज्या वस्तूला काढा लागणार, ती आधी घासून धुवावी लागते आणि नंतर निर्जंतुक करावी लागते. ही दोन वेगळी कामे आहेत. चिकट थर तसाच असेल तर कितीही औषध ओतले तरी जंतू त्याच्या आड सुरक्षित राहतात. ओरखडे पडलेली प्लास्टिकची बादली याच कारणाने बाद करतात. या धंद्यातले लोक म्हणतात की आमचा निम्म्याहून अधिक वेळ धुण्यातच जातो, आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

दुसरी राखण तापमानाची, आणि इथे आपले हवामान आडवे येते. एल जातीच्या बिअरचे यीस्ट साधारण १८ ते २२ अंशांना चांगले काम करते. लागर जातीच्या यीस्टला ८ ते १३ अंश लागतात. शिवाय आंबताना काढा स्वतःही तापतो आणि खोलीपेक्षा काही अंशांनी वर जातो. कल्याणच्या बाजूला मे महिन्यात दिवसाचा पारा चाळिशीकडे जातो आणि रात्रीही हवा फारशी उतरत नाही. इडलीचे पीठ या हवेत झकास फुगते. पण बिअरचे यीस्ट अशा उष्णतेत घाई करते आणि साध्या अल्कोहोलबरोबर जड, उग्र अल्कोहोलही तयार करते. चव जाते आणि डोके दुखते. म्हणून कारखान्यात टाकीला दुहेरी भिंत असते आणि तिच्यातून थंड द्रव फिरवतात. छोट्या प्रमाणावर करणारे फ्रिजला तापमान-नियंत्रक जोडतात. वीज गेली की दोघांनाही घाम फुटतो.

तिसरी राखण वेळेची. दूधवाल्याकडे लॅक्टोमीटर असतो, तसा इथे हायड्रोमीटर वापरतात. सुरुवातीला काढ्याची घनता १.०४८ असेल आणि शेवटी १.०१० वर आली, तर सुमारे पाच टक्के अल्कोहोल तयार झाले असे समजतात. हा आकडा दोन-तीन दिवस हलला नाही, म्हणजे आंबणे संपले. त्याआधीच बाटल्या भरून बुचे मारली तर आत वायू होतच राहतो आणि काचेची बाटली फुटते. असे अपघात जगभर झालेले आहेत.

आता या वायूचा हिशेब पाहू. वीस लिटर साध्या बिअरमधून सुमारे ४०० लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. एक हजार लिटरच्या टाकीतून निघतो सुमारे वीस हजार लिटर. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग त्याने भरेल. हा वायू हवेच्या दीडपट जड, त्यामुळे तो जमिनीलगत साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवण्याची जमिनीखालची पेवे प्रसिद्ध आहेत. पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नाही, आधी हवा खेळू देतात. तोच नियम आंबवण्याच्या खोलीला लागू आहे. बंद, खिडकी नसलेल्या खोलीत हे काम करणे म्हणजे जिवाशी खेळ.

तयार बिअर केगमध्ये, म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या पिंपात भरतात. इथे दाबाचा प्रश्न येतो. चार अंश तापमानाला बिअरमध्ये नेहमीइतका वायू धरून ठेवायला हवेच्या दाबापेक्षा साधारण ०.८ बार जादा दाब लागतो. आपला प्रेशर कुकर सुमारे एक बारवर शिटी देतो, म्हणजे पिंप कुकरच्याच पंगतीतले. पण ते पिंप तीस अंशांच्या खोलीत राहिले तर आतला दाब जवळपास तिप्पट होतो. आणि ज्या सिलिंडरमधून वायू येतो, त्यात वीस अंशांनाच सुमारे ५७ बार दाब असतो. उन्हाळ्यात तो ७० च्या पुढे जातो. दोघांच्या मध्ये उभा असतो तो रेग्युलेटर. तो बिघडला, किंवा पिंपाचा सुटका-व्हॉल्व्ह चिकटून बसला, तर काय होईल ते सांगायला नको. कुकरचा दाब उतरल्याशिवाय आपण झाकण काढत नाही. पिंपाचा व्हॉल्व्ह धुण्यासाठी खोलतानाही आधी दाब सोडायचा, हा पहिला धडा. पिंप धुताना कॉस्टिक सोडा वापरतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे हा दुसरा.

मोहन्याच्या लोकांना हे शब्द नवे नाहीत. इथला रेयॉनचा कारखाना २००९ मध्ये बंद पडला, पण कॉस्टिक, व्हॉल्व्ह, गेज हे शब्द वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात अजून येतात. कारखान्यात अशा कामाला शिफ्ट असते, तपासणीची वही असते, जबाबदार माणूस असतो. घरातल्या मोरीत यातले काहीच नसते.

एक गैरसमज दूर करायला हवा. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. तेव्हापासून आंबवलेले सगळेच विषारी, असे काहींना वाटते. ते बळी मिथेनॉल या औद्योगिक रसायनाने घेतले. बार्ली आंबवताना धोका होईल इतके मिथेनॉल तयार होत नाही. बिअरचे धोके वेगळे आहेत: वायू, दाब, रसायने आणि अर्थातच अतिसेवन.

राज्यात रीतसर मार्गही खुला झाला आहे. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही परवानाधारक छोटी ब्रुअरी सुरू झाली. नंतर आपल्या शेजारी डोंबिवलीच्या एमआयडीसीत गेटवे ब्रुइंग कंपनी उभी राहिली आणि तिथली पिंपे मुंबईच्या हॉटेलांत जाऊ लागली. ज्याला यीस्टचे मनापासून आकर्षण आहे, त्याने सूक्ष्मजीवशास्त्र किंवा रसायन अभियांत्रिकी शिकावी. पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये मद्यार्क तंत्रज्ञानाचे शिक्षण मिळते. त्यानंतर परवाना असलेल्या ब्रुअरीत पहिली काही वर्षे टाक्या आणि पिंपे धुण्याची तयारी ठेवावी. हे काम तिथेच शिकता येते.