वाळणाऱ्या रंगाचा तपास

दिवाळीच्या तोंडावर भिंतीला दिलेला प्लास्टिक पेंट तासा-दोन तासांत हाताला लागेनासा झाला की घरधनी निर्धास्त होतो. वस्तुतः रंगाचे काम तेव्हा पुरते झालेले नसते. डब्यातल्या या रंगाचा मुख्य घटक म्हणजे लॅटेक्स, अर्थात बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या), बहुधा १०० ते ३०० नॅनोमीटर व्यासाच्या, असंख्य गोलकांचे पाण्यातील कलिल होय. पाणी उडू लागले की हे गोलक परस्परांच्या निकट येऊन दाटीने रचले जातात, मग दाबले जाऊन त्यांचे गोलपण हरपते व ते बहुफलक होतात, आणि अखेरीस एका गोलकातील रेणूंच्या साखळ्या शेजारच्या गोलकात शिरतात. हवा फार थंड असली तर गोलक कठीणच राहतात, नि अखंड थराऐवजी तडे अथवा भुकटी पदरी पडते.

हे सारे डोळ्यांनी पाहावे म्हटले तर अडचण मुळातच आहे. साध्या सूक्ष्मदर्शकाची धाव सुमारे २०० नॅनोमीटरपर्यंत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक त्याहून कितीतरी सूक्ष्म पाहतो, परंतु त्याला निर्वात पोकळी लागते, आणि ज्या पाण्याची जबानी घ्यायची तोच साक्षीदार कचेरीत पाऊल टाकताच नाहीसा होतो. १९५१ साली डिलन, मॅथेसन व ब्रॅडफर्ड यांनी अशा वाळलेल्या गोलकांच्या चित्रांवरून असे प्रतिपादले की बहुवारिकाचा स्वतःचा पृष्ठताणच त्यांना एकमेकांत मिळवतो. १९५६ साली ब्राऊन यांनी फटींतील पाण्याच्या केशाकर्षणाला ते श्रेय दिले. चित्रे सुक्याची आणि वाद ओल्याचा, मग निवाडा व्हावा कसा?

यावर योजलेली तजवीज मला विलक्षण वाटते. अर्धवट वाळलेला थर द्रव इथेनसारख्या अतिशीत द्रवात बुडवून इतक्या त्वरेने गोठवायचा की पाण्याला मोठे स्फटिक बांधण्यास अवसरच मिळू नये, आणि त्या थंडीतच तो मोडून भंगलेली बाजू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. मिनेसोटा विद्यापीठात स्क्रिव्हन व डेव्हिस यांच्या संशोधकमंडळाने ही रीत नेटाने चालवली. वाळण्याच्या निरनिराळ्या क्षणी गोठवलेले तुकडे ओळीने मांडले की सुटे गोलक, दाटलेले गोलक, चेपलेले गोलक असा क्रम उलगडतो. मात्र येथे सावधगिरी हवी: थर मोडताना काही गोलक ताणले जाऊन तंतूंसारखे बाहेर निघतात, आणि ते ज्या थंडीत काचेसारखे ठिसूळ असावेत त्याच थंडीत हे घडते; तो आकार वाळण्याचा नसून मोडण्याचा आहे, हे न ओळखणाऱ्याची फसगत ठरलेली.

पुढे पाण्याची थोडी वाफ आत राखणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला. नमुना थंड ठेवून काही टॉर इतका बाष्पदाब सांभाळला की ओला थर ओलाच पाहता येतो. १९९५ साली केंब्रिजमध्ये केडी व सहकाऱ्यांनी याच्या साहाय्याने ॲक्रिलिक लॅटेक्स न्याहाळले, तेव्हा असे दिसले की गोलक पुरेसे मऊ नसतील तर पाणी आधी निघून जाते, हवेच्या पोकळ्या मागे राहतात आणि त्या मग सावकाश मिटतात. जुन्या वादातील दोन्ही पक्षांना आपापली जागा आहे, असे मानण्यास त्यामुळे आधार मिळाला.

राहता राहिली शेवटची पायरी, आणि थराचे बळ तर तिच्यावरच अवलंबून! दोन्ही बाजूंचे द्रव्य एकच असल्याने साखळ्यांनी सरहद्द ओलांडली की नाही हे सूक्ष्मदर्शकाच्या चित्रावरून ठरवणे कठीण. टोरांटोचे विनिक यांनी म्हणून काही गोलकांना एक व उरलेल्यांना दुसरे प्रकाशग्राही रसायन जोडले; ही दोन रसायने दोन-तीन नॅनोमीटरच्या अंतरात आली म्हणजे एकाची ऊर्जा दुसऱ्याकडे जाते, आणि ती किती गेली यावरून साखळ्या किती मिसळल्या त्याचा हिशेब लागतो.