विकिपीडियातील वादनिवारण

महाजालावरील विकिपीडिया या मुक्त विश्वकोशाच्या स्वयंसेवक संपादकांमध्ये लेखांतील मजकुराविषयी किंवा परस्परांच्या वर्तनाविषयी उद्‌भवणारे वाद मिटविण्याची पद्धती. छापील विश्वकोशात प्रमुख संपादक किंवा संपादक मंडळ यांचा निर्णय अखेरचा असतो. विकिपीडियात असे पद नाही. कोणताही वाचक बहुतेक लेखांत बदल करू शकतो आणि दुसरा वाचक तो बदल तत्काळ रद्द करू शकतो. त्यामुळे दोन संपादकांचे मत जुळले नाही, तर निवाडा कोणी व कशाच्या आधारे करावयाचा, हा या विश्वकोशापुढील मूलभूत प्रश्न होय. त्याचे उत्तर अधिकारी व्यक्तीऐवजी कार्यपद्धतीत शोधण्यात आले, हे या व्यवस्थेचे वैशिष्ट्य आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : विकिपीडियाच्या इंग्रजी आवृत्तीचा प्रारंभ जिमी वेल्स (१९६६–    ) व लॅरी सँगर (१९६८–    ) या अमेरिकनांनी १५ जानेवारी २००१ रोजी केला. त्यापूर्वी २००० साली सुरू झालेल्या न्यूपीडिया या प्रकल्पात तज्ञांनी अनेक टप्प्यांत तपासलेले लेखच प्रसिद्ध होत. ते काम फार मंदगतीने चाले. विकिपीडियाने पूर्वतपासणीचे हे बंधन काढून टाकले. त्यामुळे लेखसंख्या वेगाने वाढली, तसे वादही वाढले. सँगर २००२ मध्ये प्रकल्पातून बाहेर पडले. आरंभीच्या काळात उपद्रवी सदस्यांस बंदी करण्याचा निर्णय अखेरीस वेल्स यांच्याकडे येई. सदस्यसंख्या वाढल्यावर एका व्यक्तीने असे निवाडे करणे अशक्य झाले, म्हणून २००३ च्या अखेरीस त्यांनी मध्यस्थी समिती व लवाद समिती अशा दोन समित्यांची घोषणा केली. प्रकल्पाची मालकी व व्यवस्था पाहणारे विकिमीडिया प्रतिष्ठान त्याच वर्षी जून महिन्यात स्थापन झाले होते. मात्र लेखांतील मजकुराचे निर्णय त्याने स्वतःकडे घेतले नाहीत.

मूलतत्त्वे : वादाचा विचार काही मान्य तत्त्वांच्या चौकटीत केला जातो. लेखाचा दृष्टिकोन तटस्थ असावा, विवाद्य विधानास विश्वसनीय प्रकाशित आधार असावा आणि संपादकाने स्वतःचे नवे संशोधन त्यात घालू नये, ही त्यांपैकी प्रमुख होत. तटस्थता म्हणजे सर्व मतांना समान जागा नव्हे. प्रकाशित ग्रंथांत व अभ्यासांत ज्या मताला जेवढे स्थान आहे, तेवढेच ते लेखात मिळावे, असा तिचा अर्थ आहे. या तत्त्वांमुळे वादाचे स्वरूप बदलते. ‘खरे काय ?’ या प्रश्नाऐवजी ‘विश्वसनीय ग्रंथकारांनी काय लिहिले आहे ?’ हा प्रश्न पुढे येतो. भिन्न श्रद्धा व भिन्न राष्ट्रनिष्ठा असलेल्या माणसांना पहिल्या प्रश्नावर एकत्र आणणे दुर्घट असले, तरी दुसऱ्यावर ती पुष्कळदा एकत्र येऊ शकतात. याखेरीज प्रतिपक्षाचा हेतू चांगला आहे, असे प्रथम गृहीत धरावे, हा वर्तनाचा नियम आहे.

चर्चा व सहमती : प्रत्येक लेखास जोडून एक चर्चा-पान असते. वाद प्रथम तेथे मांडावा, असा संकेत आहे. निर्णय सहमतीने व्हावा, अशी अपेक्षा असते. सहमती म्हणजे एकमत नव्हे आणि मतमोजणीही नव्हे. मांडलेले युक्तिवाद व आधार यांचे वजन पाहून निष्कर्ष काढला जातो. वाद दोघांतच असल्यास तिसऱ्या, त्रयस्थ संपादकाचे मत मागविता येते. तो अधिक व्यापक असल्यास सर्व सदस्यांकडून अभिप्राय मागविण्यात येतात. असे आवाहन सामान्यतः तीस दिवस चालते व शेवटी वादात भाग न घेतलेला सदस्य चर्चेचा निष्कर्ष नोंदवितो. मध्यस्थी समितीचा वापर पुढे कमी होत गेला आणि २०१८ मध्ये ती विसर्जित करण्यात आली. अनौपचारिक मार्ग मात्र टिकून राहिले.

संपादन-युद्ध : दोन पक्ष एकमेकांचे बदल आळीपाळीने रद्द करू लागले, की त्यास संपादन-युद्ध म्हणतात. त्यास आळा घालण्यासाठी इंग्रजी विकिपीडियाने २००४ मध्ये एक नियम दंडनीय केला. एका सदस्याने एकाच लेखात चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा इतरांचे बदल रद्द करू नयेत, असा तो नियम आहे. उघड नासधूस दूर करण्यास तो लागू होत नाही. त्याचे उल्लंघन करणाऱ्यास प्रचालक, म्हणजे विशेष तांत्रिक अधिकार असलेले सदस्य, काही काळ संपादनास मनाई करू शकतात. लेख तात्पुरता सुरक्षित करून सर्व बदल थांबविणे, हा दुसरा उपाय आहे. सुरक्षित केलेली आवृत्ती योग्य आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. हात थांबावेत आणि बोलणे सुरू व्हावे, एवढाच त्याचा हेतू असतो.

नामविषयक वाद : वाद नेहमी मोठ्या सिद्धांतांवरूनच होतात असे नाही. पुष्कळ दीर्घ वाद नावांवरून झाले आहेत. दह्यावरील लेखाच्या इंग्रजी शीर्षकात एक अक्षर असावे की नसावे, हा वाद सुमारे आठ वर्षे चालला व २०११ मध्ये मिटला. बाल्टिक समुद्रकाठच्या, सध्या पोलंडमध्ये असलेल्या गदान्स्क शहराचा वाद याहून गंभीर होता. हे शहर जर्मन भाषेत डान्झिग या नावाने ओळखले जाते आणि त्याच्या इतिहासावर दोन्ही राष्ट्रांचा हक्क सांगितला जातो. सहमती होत नाही असे दिसल्यावर २००५ साली कालखंडनिहाय मतदान घेण्यात आले. १३०८ ते १९४५ या काळासाठी डान्झिग आणि त्यापूर्वीच्या व नंतरच्या काळासाठी गदान्स्क हे नाव वापरावे, असे ठरले. निःसंशय जर्मन असलेल्या व्यक्तीच्या चरित्रात जर्मन नाव व निःसंशय पोलिश व्यक्तीच्या चरित्रात पोलिश नाव प्रथम द्यावे, अशीही तडजोड झाली. १४५४ नंतर सु. तीन शतके हे शहर पोलंडच्या राजसत्तेखाली होते, हे ध्यानात घेता या तोडग्याने कोणाचेही पूर्ण समाधान होणे शक्य नव्हते. तथापि रोजची झुंज त्यामुळे आटोक्यात आली. युक्रेनच्या राजधानीचे रशियन वळणाचे ‘कीव्ह’ हे शीर्षक बदलून युक्रेनियन उच्चाराला जवळचे रूप स्वीकारण्याची मागणीही अनेक वर्षे फेटाळली जात होती. प्रमुख इंग्रजी वृत्तपत्रांनी आपली पद्धत बदलल्यानंतर २०२० मध्ये ती मान्य झाली. निर्णय अंतिम नसतो, आधार बदलल्यास तो बदलू शकतो, हे यावरून दिसते.

लवाद समिती : इतर उपाय थकल्यावर वाद या समितीपुढे जातो. इंग्रजी विकिपीडियाच्या समितीने २००४ च्या आरंभी कामास सुरुवात केली. तिचे सदस्य संपादकांच्या वार्षिक निवडणुकीतून येतात. तिची कार्यपद्धती न्यायालयासारखी असून उभय पक्षांचे पुरावे घेऊन ती तत्त्वे, वस्तुस्थितीविषयीचे निष्कर्ष व उपाय अशा क्रमाने निर्णय देते. विशिष्ट विषयावर लिहिण्यास मनाई, दोन सदस्यांच्या परस्परसंपर्कास मनाई आणि संपूर्ण बंदी ही तिची प्रमुख साधने आहेत. लेखातील मजकूर बरोबर की चूक, याचा निवाडा मात्र ती करीत नाही. ती केवळ वर्तनाचा विचार करते. मे २००९ मध्ये सायंटॉलॉजी पंथाविषयीच्या प्रकरणात तिने त्या पंथाच्या मालकीच्या संगणक-पत्त्यांवरून होणारे संपादन बंद केले, तसेच पंथाच्या काही विरोधकांनाही त्या विषयावर लिहिण्यास मनाई केली. इझ्राएल-पॅलेस्टाइन संघर्षासारख्या विषयांवर किमान तीस दिवसांचे सदस्यत्व व पाचशे संपादने पूर्ण केलेल्यांनीच लिहावे, असे बंधन तिने घातले आहे.

भारतीय विषय : भारत व पाकिस्तान यांसंबंधीचे लेखही इंग्रजी आवृत्तीत विशेष निर्बंधांखाली आहेत. गंगा नदीवरील लेखाचे रूढ इंग्रजी शीर्षक बदलून ‘गंगा’ करावे, ही मागणी वारंवार पुढे आली व इंग्रजीतील प्रचलित नावाच्या निकषावर अमान्य झाली. भारतीय व्यक्ती व स्थळे यांची नावे लेखाच्या आरंभी कोणकोणत्या लिपींत द्यावीत, यावरून तंटे होत. २०१२ मध्ये अशा लेखांच्या प्रारंभी भारतीय लिपी टाळाव्यात, असा निर्णय झाला. वादाचे कारण मिटले, पण उपयुक्त माहितीही गेली. शांततेसाठी काही वेळा अशी किंमत द्यावी लागते. मराठी विकिपीडियाचा प्रारंभ १ मे २००३ रोजी झाला. तेथील सामायिक चर्चेच्या जागेस ‘चावडी’ असे समर्पक नाव आहे. लहान आवृत्तींत संपादक मोजके असल्याने त्रयस्थ माणूस मिळणे अवघड जाते आणि मतभेदाला व्यक्तिगत वळण लवकर लागण्याचा संभव असतो.

मर्यादा : ही पद्धती संपादकांच्या संख्येवर व विविधतेवर अवलंबून आहे. क्रोएशियन आवृत्तीत उजव्या राष्ट्रवादी विचारांच्या प्रचालकांचा एक गट अनेक वर्षे वर्चस्व गाजवीत होता. दुसऱ्या महायुद्धातील यासेनोव्हाट्स येथील संहार-छावणीचे स्वरूप तेथे सौम्य करून सांगितले गेले व हरकत घेणाऱ्यांस बाहेर काढण्यात आले. विद्यार्थ्यांनी या आवृत्तीवर विसंबू नये, असे त्या देशाच्या शिक्षणमंत्र्यांनी २०१३ मध्ये सुचविले होते. विकिमीडिया प्रतिष्ठानने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या परीक्षणात या गैरप्रकारांस पुष्टी मिळाली. नियम तेथेही होते, परंतु ते राबविणारेच एका पक्षाचे होते. याउलट, बाहेरून केलेला हस्तक्षेपही सहज स्वीकारला जात नाही. जून २०१९ मध्ये प्रतिष्ठानने इंग्रजी आवृत्तीच्या एका प्रचालकावर परस्पर एक वर्षाची बंदी घातली, तेव्हा वीसहून अधिक प्रचालकांनी निषेधार्थ आपले अधिकार सोडले. लवाद समितीने फेरविचार करून सप्टेंबरमध्ये ती बंदी उठविली, मात्र त्या सदस्यास प्रचालकपद परत दिले नाही. चिकाटीने वाद घालणाऱ्याचा विजय होतो व जाणकार माणूस कंटाळून निघून जातो, हा आक्षेपही वारंवार घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे.

विकिपीडियातील वादनिवारण सत्याची हमी देत नाही. भिन्न मतांच्या लोकांना एकाच मजकुरावर काम करता यावे, एवढीच सोय ते करते. मात्र ज्या लेखावर विरोधी पक्षांनी आधार मागून परस्परांची विधाने पारखली, तो लेख सामान्यतः अधिक काटेकोर होतो आणि जेथे विरोधकच उरला नाही, तेथे चूक निर्वेधपणे टिकून राहते. वादाची नोंद चर्चा-पानावर सर्वांस खुली असते. त्यामुळे लेखाइतकीच त्यामागील चर्चा वाचणे जिज्ञासू वाचकास उपयुक्त ठरते.