पाकिटावर न छापलेला गुण

टोमॅटोच्या बियाण्याचे पाकीट एकदा निवांत वाचून पाहावे. फळाचे वजन, आकार, रंग, पहिला तोडा साधारण किती दिवसांनी, दूरच्या वाहतुकीत फळ टिकते की नाही. त्याखाली लीफ कर्लला प्रतिकार, मर रोगाला प्रतिकार, सूत्रकृमींना प्रतिकार. नारायणगावच्या बाजूचा शेतकरी असो की पिंपळगाव बसवंतचा, याच ओळींवर तो रोपवाटिकेत वाण सांगतो. पांढरी माशी, फुलकिडे, नागअळी, फळ पोखरणारी अळी यांची नावे मात्र त्या यादीत सहसा सापडत नाहीत. हंगामभर औषधांचा खर्च होतो तो बव्हंशी याच मंडळींवर. रोगाचा प्रतिकार बियाण्यातून येतो आणि किडीचा बंदोबस्त पंपातून करावा लागतो, ही वाटणी झाली कशी? टोमॅटोच्या कुळात किडींशी लढण्याची ताकदच नव्हती म्हणावे, तर तसेही नाही.

ती ताकद कुठे असते हे बगलफूट काढणाऱ्या बाया हात दाखवून सांगतील. तासाभरात बोटे हिरवट-काळी होतात, साबण लावला की फेस पिवळा निघतो आणि तो उग्र वास धुतल्यावरही रेंगाळतो. हा सारा ऐवज पानाखोडावरच्या लवेतला. १९४३ मध्ये लकविल या शास्त्रज्ञाने टोमॅटोवर्गातल्या या लवेचे सात प्रकार पाडले; अभ्यासक आजही तेच क्रमांक वापरतात. सहाव्या प्रकारच्या केसाच्या टोकाला चार पेशींची इवलीशी गाठ असते. किडीचा पाय लागला की ती फुटते आणि आतले रसायन बाहेर येते. चौथ्या प्रकारच्या टोकाला चिकट थेंब असतो. तो साखरेला मेदाम्ले जोडून झाडाने बनवलेल्या ॲसिलशुगर या पदार्थाचा. बारीक किडे त्यात अडकतात, माशी तिथे अंडी घालायला नाखूश असते. आपल्या लागवडीच्या टोमॅटोत ही चौथ्या प्रकारची लव रोपाच्या कोवळ्या वयातच दिसते, पुढच्या पानांवर ती राहत नाही. रानटी भाईबंदांपैकी काहींच्या अंगावर मात्र ती शेवटपर्यंत असते.

हे भाईबंद पेरू, इक्वेडोर, चिलीच्या अँडीज उतारांवर, किनारी वाळवंटात आणि गॅलापॅगोस बेटांवर वाढतात. टोमॅटो माणसाळला, मेक्सिकोत रुळला, स्पॅनिश जहाजांतून युरोपात गेला आणि पुढे जगभर पसरला. प्रत्येक टप्प्यावर मूठभर बी पुढे गेले, बाकीचे मागे राहिले. रानटी जातींमधल्या जनुकीय विविधतेच्या पाच टक्केसुद्धा लागवडीच्या टोमॅटोत उरली नाही, असा अंदाज वारंवार दिला जातो. मागे राहिलेले गोळा करण्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतील चार्ल्स रिक यांचे आयुष्य गेले. गॅलापॅगोसच्या टोमॅटोचे बी उगवेना, तेव्हा त्यांनी ते तिथल्या महाकाय कासवांना खाऊ घातले. पोटातून बाहेर पडलेले बी उगवले, आणि १९६१ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांच्या नावाच्या बीजसंग्रहात आज तीन हजारांहून अधिक नमुने आहेत, आणि जगभरचे पैदासकार तिथूनच बी मागवतात.

किडीला प्रतिकार म्हणजे नेमके काय, याची मांडणी कॅन्सासच्या रेजिनाल्ड पेंटर यांनी १९५१ च्या ग्रंथात केली. झाड किडीला नकोसे वाटणे, खाल्ल्यावर कीड मरणे किंवा खुरटणे, आणि कीड लागूनही झाडाने तग धरणे, अशा तीन तऱ्हा त्यांनी सांगितल्या. रानटी टोमॅटोत पहिल्या दोन भरपूर सापडतात. केसाळ, हिरव्या फळांच्या सोलॅनम हॅब्रोकायटीस या जातीच्या एका नमुन्यातून ट्रायडेकॅनोन हे नैसर्गिक कीटकनाशक वेगळे काढल्याचे नॉर्थ कॅरोलिनातील जॉर्ज केनेडी आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये जाहीर केले. त्याच जातीच्या काही नमुन्यांत झिंजिबेरीन सापडते, म्हणजे आल्याच्या तेलातला घटक. तो कोळ्यांना दूर ठेवतो. पेरूच्या कोरड्या किनाऱ्यावरची सोलॅनम पेनेली तर इतकी चिकट की पानाच्या वाळलेल्या वजनाचा पाचवा हिस्सासुद्धा ॲसिलशुगरचा भरू शकतो. इतका खजिना समोर असताना हात रिकामे का राहिले?

त्याआधी एक यशाची गोष्ट. १९४४ मध्ये डेव्हिस येथेच पॉल स्मिथ यांनी टोमॅटोचा पेरुव्हियानम या रानटी जातीशी संकर केला. असल्या संकराचे बी फळात धरतच नाही, भ्रूण मध्येच मरतो. स्मिथ यांनी तो कोवळा भ्रूण काढून काचेच्या नळीत वाढवला आणि एक झाड जगवले. जगभरच्या सूत्रकृमी-प्रतिकारक टोमॅटोंची वंशावळ त्या एका झाडापाशी जाऊन थांबते. एमआय नावाचे हे जनुक १९९८ मध्ये हाती आले, तेव्हा मुळातल्या सूत्रकृमींबरोबर पानावरच्या बटाटा-माव्यालाही तेच जनुक रोखते हे सिद्ध झाले. पुढे पांढऱ्या माशीवरही त्याचा काही प्रमाणात परिणाम दिसला. मर्यादा इतकीच की जमिनीचे तापमान २८ अंशांच्या वर गेले की सूत्रकृमींपुढे ते निष्प्रभ होते. आपल्याकडच्या उन्हाळी लागवडीत हे ध्यानात ठेवावे लागते.

दुसरे यश आपल्या देशातले. हिसारच्या हरियाणा कृषी विद्यापीठात कल्लू आणि बॅनर्जी यांनी हॅब्रोकायटीसमधून लीफ कर्लचा प्रतिकार टोमॅटोत आणला. त्यांचा शोधनिबंध १९९० चा. त्यातून आलेल्या एच-२४ या वाणातले जनुक पुढे टीवाय-२ म्हणून जगभर वापरले गेले. चिलेन्स या रानटी जातीतून आलेले टीवाय-१ आणि टीवाय-३ त्याच्या जोडीला आहेत. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकरित वाण लीफ कर्ल, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा अशा तिन्हींना प्रतिकारक म्हणून प्रसिद्ध झाला. पण इथे एक मेख आहे. टीवाय जनुके लीफ कर्लच्या विषाणूला अडवतात, तो पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीला नाही. माशी येते, रस शोषते, अंडी घालते, दुसऱ्या जातीचे विषाणू सोडून जाते. म्हणून पाकिटावर लीफ कर्ल असते आणि पंपात माशीचे औषध.

किडीचा प्रतिकार अडतो याला पहिले कारण आनुवंशिकतेचे. टीवाय किंवा एमआय एकेका ठिकाणी बसलेली आहेत. त्यांची खूण धरून पिढ्यान्‌पिढ्या निवड करता येते. चिकट लव तशी नाही. केस फुटणे वेगळे, त्यात साखर भरणे वेगळे, आणि किती भरायची हे आणखी वेगळे. ब्राझीलमधल्या पिरासिकाबाच्या संशोधकांनी गॅलापॅगोसच्या टोमॅटोतून चौथ्या प्रकारची लव लागवडीच्या टोमॅटोवर मोठ्या पानांपर्यंत आणून दाखवली. २०२२ च्या त्यांच्या अहवालानुसार केस आले, पण पांढरी माशी रोखण्याइतकी ॲसिलशुगर त्यात भरली नाही. कॉर्नेल विद्यापीठात मार्था मुचलर यांनी पेनेलीची ॲसिलशुगर टोमॅटोत आणण्यासाठी दशकानुदशके काम केले. त्यांच्या वाणांत ती खरोखर उतरली, पण एकाहून अधिक गुणसूत्रांवरचे रानटी तुकडे त्यासाठी सांभाळावे लागले. अशा तुकड्याबरोबर लहान फळ, कडवट चव, कमी उतारा असे शेजारी ठाण मांडून येतात, आणि डाळीतून खडे निवडावेत तसे ते एकेक करून निवडावे लागतात.

दुसरे कारण झाडाच्या जमाखर्चाचे. पानातली साखर लवेत घालवली तर ती फळात जाणार नाही. बाजार वजनाने आणि क्रेटने मोजतो. वाचलेल्या फवारण्या शेतकऱ्याच्या वहीत दिसतात, बियाणे कंपनीच्या जाहिरातीत दिसत नाहीत.

तिसरे कारण मित्रकीटकांचे. ट्रायडेकॅनोनच्या झाडावर ट्रायकोग्रामासारख्या परोपजीवी कीटकांचेही हाल होतात, असे प्रयोगांत आढळले. अळी मारण्यासाठी आणलेले शस्त्र अळीच्या शत्रूवरच चालले. केनेडी यांनीच आणखी एक चकवा दाखवला होता: ट्रायडेकॅनोन खाऊन वाढलेल्या अळ्या कार्बारिल या कीटकनाशकाला पूर्वीइतकी दाद देईनाशा झाल्या. प्रतिकारक वाण आणि फवारणी एकमेकांना पूरकच असतात ही समजूत त्यामुळे तपासून घ्यावी लागते.

महाराष्ट्राला हा प्रश्न किती जवळचा आहे, हे गेल्या काही वर्षांत दिसले आहे. दक्षिण अमेरिकेतली टुटा नागअळी २००६ मध्ये स्पेनमध्ये पोचली आणि २०१४ मध्ये भारतात पुणे परिसरात आढळली. पानाच्या दोन पापुद्र्यांत शिरून ती आतला गर खाते, फवारणीचा थेंब तिच्यापर्यंत पोचतच नाही, आणि दक्षिण अमेरिकेत व युरोपात तिने अनेक कीटकनाशकांना दाद देणे सोडले आहे. २०२० मध्ये जुन्नर, अकोले, संगमनेर भागांत टोमॅटो ठिगळांसारखा रंगू लागला. शेतकऱ्यांनी त्याला 'तिरंगा' म्हटले, आणि तपासणीत काकडी मोझॅक विषाणूचा त्यात हात दिसला. हा विषाणू मावा पसरवतो. एका विषाणूवर जनुक आणावे तर दुसरा येतो; वाहक कीड मात्र त्याच दोन-तीन असतात. वाहकालाच झाड नकोसे झाले तर अनेक विषाणूंचा रस्ता एकदम अरुंद होईल. किडीच्या प्रतिकाराचा खरा फायदा इथे आहे, आणि म्हणूनच त्याच्या मागे लागण्यात अर्थ आहे.

साधने आता पूर्वीसारखी तोकडी नाहीत. २०१२ मध्ये टोमॅटोचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, त्यात भारतीय संस्थांचाही वाटा होता. इस्रायलमध्ये डॅनी झमीर यांच्या गटाने पेनेलीचा एकेक तुकडा असलेली टोमॅटोची मालिकाच तयार केली, त्यामुळे कोणत्या तुकड्यात काय दडले आहे ते शोधणे सोपे झाले. बाहेरचे जनुक घालण्याचा मार्गही आहे. बीटी टोमॅटो १९८७ मध्येच तयार झाला होता, पण भारतात बीटी वांग्याला २०१० मध्ये स्थगिती मिळाल्यापासून खाद्यभाज्यांसाठी तो रस्ता अडलेला आहे. रानटी जातीशी साधा संकर करून आणलेल्या गुणाला अशी परवानगी लागत नाही. झेंडूच्या सापळा ओळी, कामगंध सापळे, पिवळे चिकट सापळे यांच्या जोडीला अर्धवट प्रतिकार असलेला वाणही पुष्कळ काम करू शकतो. किडींची संख्या थोडी कमी राहिली तरी मित्रकीटकांना सावरायला वेळ मिळतो आणि दोन फवारण्यांमधले अंतर वाढते.

अडचण आहे ती निवडीच्या रिवाजात. वाणांच्या चाचण्या भरपूर फवारणीच्या संरक्षणाखाली घेतल्या की किडीला झुंज देणारे रोप आणि तिच्यापुढे मान टाकणारे रोप सारखेच हिरवे दिसते, आणि जास्त वजनाचे फळ देणारे जिंकते. राहुरीसह आपल्या कृषी विद्यापीठांनी प्रत्येक टोमॅटो चाचणीत एक भाग फवारणीविना ठेवावा, त्यावर माशी, फुलकिडे आणि नागअळी मोजावी आणि तो आकडा उताऱ्याच्या आकड्याशेजारी छापावा. खर्च फार नाही, जागाही फार लागत नाही. हा आकडा छापून येऊ लागला, की शेतकरी तो विचारेल. आणि शेतकरी विचारू लागला, की कंपन्यांनाही तो पाकिटावर छापावा लागेल.